गॅलिलिओ चालवतं नक्की कोण? सेमिनारवाल्या मुलाला जरा लांबलेलं उत्तर

आधी प्रश्न काय होता ते सांगतो. सांगलीचा ईएनटीसी थर्ड इयरचा मुलगा आहे, त्याने विचारलंय: "सेमिनारला गॅलिलिओ विषय मिळालाय. सगळीकडे लिहिलंय की ही युरोपची सिव्हिलियन नेव्हिगेशन सिस्टीम आहे. पण ती चालवतं कोण, ईसा (युरोपियन स्पेस एजन्सी), ईयू (युरोपियन युनियन) की कंपन्या? सिग्नल फुकट आहे तर पैसे कोण देतं? आणि आपलं नाविकही (भारताची नेव्हिगेशन सिस्टीम) युरोपसारखं पीपीपीवर, म्हणजे सरकार-खाजगी भागीदारीत, खाजगी कंपनीला दिलं तर सुधारेल का?"

मी नऊ वर्षं म्युनिकजवळ एका छोट्या कंपनीत होतो, गॅलिलिओच्या जमिनीवरच्या भागाचं, म्हणजे ग्राउंड सेगमेंटचं सॉफ्टवेअर करायचो. आता पुण्यात परत आलोय. वयाने बराच मोठा आहे म्हणून तुला अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. आणि एक आधीच सांगतो, मी साहेब लोकांच्या मजल्यावर कधीच नव्हतो, खालच्या मजल्यावरून जे दिसलं आणि जे सगळ्यांसमोर आहे तेवढंच सांगतोय.

तुझ्या प्रश्नात एक गृहीतक दडलंय ते पहिलं काढू. युरोपने गॅलिलिओ पीपीपीवर केलेलं नाही. करायला गेले, चार-पाच वर्षं घालवली, आणि २००७ मध्ये ते सगळं बोंबललं. आज जे आहे ते शंभर टक्के सरकारी पैशातलं आहे. तुझा खरा प्रश्न "कोण चालवतं" हा नाहीच, खरा प्रश्न आहे की ज्या गोष्टीचं बिल फाडता येत नाही ती गोष्ट पंचवीस-तीस देशांनी मिळून कशी सांभाळायची. सेमिनारमध्ये हे उलगडलंस तर बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

सुरुवात अशी. नव्वदच्या दशकात युरोपची विमानं, जहाजं, पुढे बँका, मोबाइल टॉवर, वीजग्रिड हे सगळं हळूहळू जीपीएसच्या वेळेवर आणि जागेवर चालायला लागलं, आणि जीपीएस अमेरिकेच्या लष्कराचं. २ मे २००० पर्यंत तर सामान्य माणसाला मिळणाऱ्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घातलेली असायची. ती काढली तरी मूळ अडचण तशीच राहिली. अमेरिका बंद करेल अशी भीती कमीच होती रे, अडचण ही की बंद पडलं तर फोन कोणाला करायचा? जबाबदारी कोणाची? १९९९ मध्ये युरोपियन कमिशनने प्रस्ताव मांडला आणि मार्च २००२ मध्ये मंत्र्यांनी पैसे सोडले. मध्ये डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेचे संरक्षण उपमंत्री पॉल वोल्फोवित्झ यांनी नाटो देशांच्या संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहिलं, की तुमचा सिग्नल आमच्या नव्या लष्करी सिग्नलवर येऊन बसतोय, उद्या लढाईत तुमचा जॅम करायची वेळ आली तर आमचाच जॅम होईल. त्या पत्राने अडेल असं वाटलं होतं, झालं उलटंच, युरोपात "बघा, म्हणूनच आपलं स्वतःचं पाहिजे" म्हणणाऱ्यांचा आवाज वाढला. ते भांडण जून २००४ च्या करारात मिटलं, आणि त्यामुळेच आज तुझ्या मोबाइलची चिप जीपीएस आणि गॅलिलिओ एकाच फ्रिक्वेन्सीवर, १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, मिसळून वापरते.

आता पीपीपीकडे. इथं मी जरा थांबणार आहे कारण घोडं इथंच पेंड खातं.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर टोल का जमतो? कारण गाडी नाक्यावर थांबवता येते. पैसे दिले तर दांडा वर. आता समज रस्त्यावर नाकाच नाही, आणि शेजारी अगदी तसाच दुसरा रस्ता फुकट आहे, त्यावर टोल गोळा करायचं कंत्राट कोण घेईल? गॅलिलिओचं नेमकं हेच होतं. आकाशातून येणारा सिग्नल कोणाच्याही अँटेनात पडतो, आणि शेजारी जीपीएस फुकट. कमिशनचा हिशेब असा होता की उभारणीला सुमारे २१० कोटी युरो लागतील, त्यातला एकतृतीयांश सरकार देईल, दोनतृतीयांश कंपन्या घालतील, आणि पेड सर्व्हिस, रिसीव्हरवरची रॉयल्टी वगैरेतून वसूल करतील. त्यासाठी २००२ मध्ये गॅलिलिओ जॉइंट अंडरटेकिंग नावाची संस्था काढली, दोन गट बोली लावायला आले, यूरेली आणि आयनॅवसॅट.

मग काय झालं, तर २००५ मध्ये त्या दोघांना एकत्र केलं. कागदावर शहाणपणाचं वाटतं, दोघांचं चांगलं ते घेऊ. प्रत्यक्षात स्पर्धाच संपली. समोर एकच विक्रेता, त्याच्या पोटात आठ मोठ्या कंपन्या, प्रत्येकीच्या मागे तिच्या देशाचं सरकार, आणि प्रत्येक सरकारला कंट्रोल सेंटर आपल्याकडे हवं. मुख्यालय कुठे, केंद्र कुठे यावर इतकं ताणलं की मध्यस्थ नेमावा लागला. बारभाईची खेती, काय लागेल हाती, हे मराठी माणसाने त्यांना फुकटात सांगितलं असतं.

पण भांडणं हे वरवरचं कारण. आतलं कारण जोखीम. कंपन्यांचं म्हणणं होतं, एक, उपग्रह आम्ही डिझाइन केलेले नाहीत, ईसाने केलेत, ते चालले नाहीत तर भुर्दंड आम्ही का सोसायचा? दोन, गिऱ्हाईक मिळालं नाही तर? तीन, चुकीच्या सिग्नलमुळे उद्या काही अपघात झाला तर कोर्टात उभं कोण राहणार? या तिन्हींची हमी सरकारने द्यावी. मग सरकारने डिझाइनची, बाजाराची, नुकसानभरपाईची अशी सगळीच जोखीम घ्यायची तर खाजगी कंपनीने नेमकं काय घेतलं? फक्त व्याजाने पैसे. आणि व्याजाने पैसे सरकारला स्वतःला जास्त स्वस्त मिळतात. हे सगळ्यांच्या डोक्यात शिरायला २००७ चा जून उजाडला. त्या वर्षाच्या शेवटी ईयूने सगळा खर्च स्वतःच्या अंगावर घेतला, २००७ ते २०१३ साठी ३४० कोटी युरो, आणि त्यातला मोठा भाग शेतीच्या बजेटमधल्या न वापरलेल्या पैशातून काढला. हो, शेतीच्या. पुढे २००९ मध्ये युरोपच्या हिशेब तपासनिसांच्या कोर्टाने या सगळ्या काळावर अहवाल काढला, त्यात राज्यकर्त्यांची आपापल्या देशाच्या उद्योगासाठीची ओढाताणही स्पष्ट लिहिली आहे. तुझ्या सेमिनारसाठी तो वाचच.

या गडबडीत एक काम मात्र झकास झालं. फ्रिक्वेन्सी आंतरराष्ट्रीय संस्थेकडे नोंदवून ठेवली तरी ठरल्या मुदतीत अंतराळातून ती वापरून दाखवावी लागते, नाहीतर हक्क जातो. मोठे उपग्रह तर तयार नव्हते. मग इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या छोट्या कंपनीकडून सुमारे २.८ कोटी युरोत जिओव्ह-ए हा एक साधा उपग्रह बनवून घेतला, २८ डिसेंबर २००५ ला बैकानूरहून उडवला आणि जानेवारीत सिग्नल सोडून जागा धरली. एसटीच्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसं. माझ्या मते अख्ख्या प्रकल्पातले सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे ते.

बरं, आता चालवतं कोण. इमारतीचं उदाहरण घे. मालक आहे युरोपियन युनियन, त्यांच्या वतीने कारभार बघतं युरोपियन कमिशन. आर्किटेक्ट आणि बांधकामावर देखरेख करणारा इंजिनिअर म्हणजे ईसा, उपग्रहांची डिझाइन, खरेदी, पुढची पिढी हे त्यांच्याकडे. आणि इमारत वापरात आल्यावर लिफ्ट, पाणी, तक्रारी बघणारा मॅनेजर म्हणजे युस्पा, ईयूची अंतराळ कार्यक्रमाची एजन्सी, जिचं ऑफिस प्रागला आहे. ही एजन्सी २००४ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली आणि २०२१ मध्ये तिला आत्ताचं नाव आणि जास्त कामं मिळाली. तिघांच्या कामाच्या हद्दी २०२१ च्या कायद्यात आणि त्यानंतरच्या करारात लिहिलेल्या आहेत. २०२१ ते २७ साठी गॅलिलिओ आणि एग्नोस (जीपीएसची अचूकता सुधारणारी युरोपची सेवा) मिळून सुमारे ९०० कोटी युरो ठेवलेत, ते थेट ईयूच्या बजेटमधून, म्हणजे शेवटी तिथल्या करदात्याच्या खिशातून.

सगळे घोळ करतात तो मुद्दा म्हणजे ईसा ही ईयूची संस्था नाही. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे ईसात आहेत, ईयूत नाहीत. ब्रिटन ईयूतून गेला, ईसात आहे. आणि दोघांची पैसे वाटायची रीतही वेगळी. ईसात जो देश जेवढे पैसे घालतो साधारण तेवढ्याची कामं त्याच्या कंपन्यांना मिळतात. ईयूच्या पैशात मात्र खुली स्पर्धा. गॅलिलिओमध्ये पैसा ईयूचा आणि खरेदी ईसाच्या हाताने, म्हणून २००८ च्या कायद्यात एक मधला नियम घातला: कामाचे सहा भाग, एका मोठ्या कंपनीला त्यातल्या जास्तीत जास्त दोनांवर मुख्य ठेकेदार म्हणून बोली लावता येईल, आणि मिळालेल्या कामातलं किमान ४० टक्के बाहेरच्या कंपन्यांना स्पर्धेने द्यायचं. आमची छोटी कंपनी जगली ती त्या ४० टक्क्यांवर, त्यामुळे या नियमाबद्दल माझं मत तटस्थ आहे असं समजू नकोस.

या रचनेत काम करणं कसं असतं? एक किस्सा. दोन सबसिस्टीममध्ये जाणाऱ्या मेसेजमध्ये एक फील्ड होतं. ते रिकामं आलं तर आमचं सॉफ्टवेअर "माहिती नाही" समजायचं, समोरचं "शून्य" समजायचं. कोडमधली दुरुस्ती अर्ध्या दिवसाची. पण ते फील्ड इंटरफेस डॉक्युमेंटमध्ये, डॉक्युमेंटवर सह्या दोन ठेकेदारांच्या, वर त्यांच्या मुख्य ठेकेदाराची, वर आर्किटेक्टची, मग सुरक्षेच्या दृष्टीने काही बदलतंय का याची तपासणी, मग ऑपरेटरचं म्हणणं की आमचं मॅन्युअल बदलावं लागेल त्याचे पैसे कोण देणार. अकरा महिने लागले. तेव्हा मी चिडचिड करायचो. नंतर कळलं की त्या अकरा महिन्यांत दोन माणसांनी विचारलेल्या प्रश्नांमुळे आमचीच अजून एक चूक सापडली होती. म्हणजे हळू आहे हे खरं, निरुपयोगी आहे हे खरं नाही.

आणि दुसरी आठवण ३१ डिसेंबर २०१६ ची. १५ डिसेंबरला गॅलिलिओच्या पहिल्या सेवा अधिकृत सुरू झाल्या होत्या आणि सोळा दिवसांत लीप सेकंद आला. जगाच्या घड्याळात एक सेकंद जास्त घालायचा, गॅलिलिओचं स्वतःचं घड्याळ तसंच चालू ठेवायचं, आणि उपग्रहाच्या मेसेजमधला दोन्हींतला फरक १७ चा १८ करायचा. जर्मनीत तो क्षण रात्री १२ वाजून ५९ मिनिटं ६० सेकंदांचा. बाहेर फटाके, आम्ही चौघं स्क्रीनसमोर, कॉलवर तीन संस्थांचे लोक, आणि कुणीतरी आणलेला केक कोणी कापेना. १८ दिसलं तेव्हा पलीकडून एकच वाक्य आलं, "कन्फर्म्ड". बस. एक महिना आधी ते चुकलं असतं तर टेस्ट रिपोर्टात एक ओळ गेली असती, आता चुकलं तर जगाला नोटीस काढावी लागणार होती. सिव्हिलियन सेवा म्हणजे माझ्यासाठी ही नोटीस: कागदावर किमान दर्जा लिहून दिलेला असतो आणि तो पाळला नाही तर उघडपणे सांगावं लागतं. (जीपीएसवालेही असं कागदावर देतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. फरक वर कोण बसलंय याचा आहे.)

ही व्यवस्था अडखळली कुठे तेही सांगतो, नाहीतर जाहिरात वाटेल. ऑगस्ट २०१४ मध्ये दोन उपग्रह चुकीच्या कक्षेत गेले, कारण रॉकेटच्या वरच्या टप्प्यात इंधनाची नळी थंडगार हेलियमच्या नळीला चिकटून बसवलेली, आणि इंधन गोठलं. (पुढे गंमत अशी की ते लंबुळक्या कक्षेत दिवसातून दोनदा साडेआठ हजार किलोमीटर वर-खाली होत होते, म्हणून त्यांच्या घड्याळांवरून शास्त्रज्ञांनी आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणात वेळ बदलण्याचा नियम १९७६ च्या प्रयोगापेक्षा जास्त अचूक तपासून घेतला.) जानेवारी २०१७ मध्ये कळलं की तेव्हाच्या १८ उपग्रहांवरची नऊ आण्विक घड्याळं बंद पडली आहेत, तीन रुबिडियम, सहा हायड्रोजन मेसर. प्रत्येकावर चार घड्याळं असल्याने एकही उपग्रह वाया गेला नाही. एक नॅनोसेकंदाची चूक म्हणजे ३० सेंटीमीटर, तेव्हा घड्याळ गेलं की बाकी उपग्रह म्हणजे नुसता डबा.

पण व्यवस्थेचा खरा धडा जुलै २०१९. ११ तारखेपासून जवळपास आठवडाभर गॅलिलिओची नेव्हिगेशन सेवा बंद. वर उपग्रह धडधाकट, सिग्नल सोडतायत, पण जमिनीवरून त्यांना ताजी वेळ आणि कक्षेचा अंदाज पोचत नाही, म्हणजे शिळी माहिती वाढत होते. कंट्रोल सेंटर दोन आहेत, इटलीत फुचिनो आणि जर्मनीत ओबरफाफेनहोफेन, एक पडलं तर दुसऱ्याने सांभाळायचं. आणि अधिकृत निवेदनात सांगितलं गेलं की दोन्ही सेंटरमधल्या वेगवेगळ्या भागांना फटका बसला होता. पर्यायी व्यवस्था कागदावर असणं आणि त्या दिवशी असणं यात हा फरक. तेव्हा मी त्या टीममध्ये नव्हतो, तरी आमच्या कॅन्टीनमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता, आणि प्रत्येक जण हाच हिशेब लावत होता की हे आपल्या हद्दीत येतं की शेजारच्या. तीन संस्था, खाली अनेक ठेकेदार, प्रत्येकाचा तुकडा व्यवस्थित, पण दोन तुकड्यांच्या सांध्याकडे रोज कोण बघतं? माझ्या मते गॅलिलिओचं दुखणं तिथंच आहे, पैशात किंवा तंत्रज्ञानात नाही. आणि लोकांना काय फरक पडला? काहीच नाही, मोबाइल गुपचूप जीपीएसवर गेले. टीमसाठी हे सगळ्यात झोंबणारं होतं.

"सिव्हिलियन" म्हणजे लष्कराचा संबंधच नाही असं मात्र लिहू नकोस. पीआरएस नावाची एन्क्रिप्टेड सेवा आहे, ती सरकारांसाठी, पोलिस, सैन्य वगैरे, आणि प्रत्येक देशाला त्यासाठी जबाबदार संस्था नेमावी लागते. सुरक्षेला धोका आला तर निर्णय कमिशन घेत नाही, तो मंत्र्यांच्या परिषदेकडे जातो. ब्रेक्झिटमध्ये हेच पेटलं. ब्रिटनने उपग्रहांचे पेलोड, म्हणजे सिग्नल सोडणारी यंत्रणा, बनवले होते, पण बाहेरचा देश झाल्यावर पीआरएसच्या आतल्या कामातून वगळला गेला, आणि ते नियम ठरले तेव्हा ब्रिटन स्वतः टेबलावर होता. मग त्यांनी स्वतःची सिस्टीम काढायची घोषणा केली आणि २०२० मध्ये ती गुंडाळली. चीनही २००३ मध्ये २० कोटी युरोचं आश्वासन देऊन आत आला होता, पुढे बाजूला पडला आणि त्याने बेइदू ही स्वतःची नेव्हिगेशन सिस्टीम उभी केली.

स्लाइडसाठी इथवरचं एका दमात: मालक ईयू, बांधणारा ईसा, चालवणारा युस्पा, सुरक्षेची किल्ली सदस्य देशांच्या हातात, पैसा करदात्याचा, कंपन्या फक्त ठेकेदार.

आता नाविक. पूर्ण सिस्टीम खाजगी कंपनीला द्यावी का, तर माझं उत्तर नाही, आणि कारण वर टोलनाक्यात आलंच आहे. युरोपने पैसे घेऊन विकायची जी एक सेवा ठेवली होती, जास्त अचूकतेची, तीही शेवटी २०१८ मध्ये फुकट करायचं ठरवलं आणि जानेवारी २०२३ पासून ती जगभर २० सेंटीमीटरच्या आसपासची अचूकता फुकट देते. विकणं जमलं नाही म्हणून वाटली असंही म्हण, पण वाटल्याने वापर वाढला.

मात्र खाजगीला काय देता येतं ते बघ. उपग्रह बांधणी, रिसीव्हर, टेस्टिंग, सॉफ्टवेअर हे सगळं देता येतं. आणि फुकट सिग्नलला गिऱ्हाईक आणायचं तर नियम करावे लागतात, हे युरोपला उशिरा का होईना उमगलं. २०१८ पासून तिथल्या नव्या मॉडेलच्या गाड्यांमध्ये अपघाताचा आपोआप जाणारा कॉल गॅलिलिओला धरून असावा लागतो, २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनलाही तशीच अट आहे. आपल्याकडे एआयएस-१४० च्या, म्हणजे बस-टॅक्सीसारख्या गाड्यांवरच्या ट्रॅकरच्या मानकात नाविक घातलं तो हाच मार्ग, आणि नाविकच्या २०२३ च्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून एल१ फ्रिक्वेन्सी, म्हणजे वर सांगितलेली १५७५.४२ मेगाहर्ट्झचीच, आली, त्यामुळे साध्या मोबाइल चिपला नाविक पकडणं सोपं होत जाईल. घड्याळांचं दुखणं तर आपलं आणि त्यांचं सख्खंच. नाविकच्या आयआरएनएसएस-१ए या उपग्रहाची तिन्ही रुबिडियम घड्याळं गेली आणि ती गॅलिलिओला घड्याळं देणाऱ्या स्विस कंपनीचीच होती. एनव्हीएस-०१ मध्ये देशी घड्याळ आहे.

खाजगीकरणाआधी मी वेगळी मागणी केली असती. इस्रो बांधते आणि इस्रोच चालवते. बांधणाऱ्याचं मन नेहमी पुढच्या उपग्रहात असतं, हे मी जवळून बघितलंय, त्यात वाईट काही नाही, पण रोजची सेवा, वापरणाऱ्याची तक्रार, बंद पडल्याची नोटीस हे ज्याचं एकमेव काम आहे असं एक लहान ऑफिस वेगळं पाहिजे. तीन मजले नकोत, दोन पुरेत. किती माणसं, कुठल्या मंत्रालयाखाली, हे परिस्थितीवर आहे, तिथे माझं मत कामाचं नाही.

शेवटी एक काम. मोबाइलवर उपग्रहांची यादी दाखवणारं जीपीएसटेस्टसारखं एखादं ॲप टाक आणि गच्चीवर जा. युरोपच्या झेंड्याचे, ई अक्षराचे नंबर दिसतील, त्याचा स्क्रीनशॉट पहिल्या स्लाइडला लाव. ई-१४ किंवा ई-१८ दिसलाच तर ओळख ठेव, २०१४ मध्ये वाट चुकलेले ते हेच दोघं.